संगणकावरील व्यक्तिचित्र आणि मुलांचा वर्ण



शाळेत संगणक आला की त्यावर गुणपत्रके होतात, माहिती भरली जाते. चित्रकलेचा तास मात्र त्याच्यापासून दूरच राहतो. वस्तुतः ‘गिंप’ आणि ‘क्रिता’ ही चित्रसाधने विनामूल्य मिळतात. पैकी ‘गिंप’चा आरंभ १९९५ साली बर्कली येथील विद्यापीठातील दोघा विद्यार्थ्यांनी केला. वर्गातील एखाद्या मुलाचे व्यक्तिचित्र काढण्यास ही साधने पुरेशी आहेत.

ए-४ आकाराच्या छपाईसाठी इंचास ३०० बिंदू या हिशेबाने २४८० गुणिले ३५०८ बिंदूंचा पट घ्यावा. रेखाटनाचा थर निराळा व रंगाचा निराळा ठेवावा, म्हणजे एकावरील चूक पुसताना दुसरा बिघडत नाही. डोळे मस्तकाच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात. नवशिका ते हटकून वर काढतो. चित्र आरशातल्याप्रमाणे उलटवून पाहिल्यास असे दोष तत्काळ ध्यानी येतात.

खरी कसोटी वर्णाची. आपल्या वर्गांत सावळी मुले पुष्कळ असतात आणि संगणकावर चेहरा उजळ करणे एका कळीचे काम आहे. चौकातील वाढदिवसाच्या फलकांवर सारी मंडळी एकाच गोऱ्या वर्णाची दिसतात, ती याच कळीच्या कृपेने! पण शाळेच्या भिंतीवर आपलाच चेहरा गोरा झालेला पाहून मूल काय समजेल, याचा विचार शिक्षकाने कळ दाबण्यापूर्वी करावयास हवा. आपला खरा वर्ण चित्रात घेण्याजोगा नव्हता, एवढेच ते समजेल.

सावळा वर्ण रंगविणे अवघड नाही. मात्र त्यासाठी काळा रंग मिसळू नये. त्याने चेहरा राखेसारखा निर्जीव होतो. रंगचक्रावर मानवी त्वचा, गोरी असो वा काळी, बहुतांशी नारिंगीच्या आसपासच येते. मुख्यतः बदलतो तो तिचा उजळपणा. म्हणून नारिंगी-तपकिरी छटाच गडद करीत जावे. कान, नाकाचा शेंडा व गाल यांवर तांबूसपणा किंचित अधिक असतो. मूल उघड्यावर बसले असेल, तर कपाळावर व गालाच्या उंचवट्यावर आकाशाची निळसर झाक उतरते. सावळ्या त्वचेवर ही झाक विशेष खुलते आणि चेहऱ्याला घडण देते.

छायाचित्रातून रंग उचलण्याची सोय असली, तरी प्रथम डोळ्यांनी रंग ठरवावा. उचललेला एक बिंदू शेजारच्या बिंदूंहून वेगळा असू शकतो. मधूनमधून चित्राची प्रत काढून तिच्यातील रंग घालवावेत. करड्या छटांतही मूल ओळखू आले, तर छायाप्रकाश योग्य साधला आहे असे समजावे. बोट फिरवल्यागत रंग पसरविणारे साधन जपून वापरावे. त्याच्या अतिरेकाने मातीचा चेहरा मेणाचा होतो.

बुबुळावरील पांढरा ठिपका सर्वांत शेवटी द्यावा, आणि तोही खिडकी ज्या बाजूस असेल त्याच बाजूस.