मातीखालची गुपितं



प्रेम, रहस्य आणि उत्खनन एकत्र आलं की कादंबरी हातातून सुटत नाही. अगाथा क्रिस्टी यांनी 1930 साली पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन यांच्याशी लग्न केलं, त्यांच्याबरोबर उत्खननाच्या तळांवर राहिल्या आणि मेसोपोटेमियातल्या खुनाची कादंबरी लिहिली. आपल्याकडे भालचंद्र नेमाडे यांच्या 2010 साली आलेल्या ‘हिंदू’ कादंबरीचा नायक खंडेरावही पुरातत्त्वाचाच अभ्यासक. मोहेंजोदडोहून तो खानदेशातल्या घरी परततो आणि खणायला लागतो ते आपलंच घराणं.

रहस्यकथेत घराण्याचं गुपित म्हटलं की बहुधा खून असतो, नाहीतर वारसाहक्काची लबाडी. पण माणसं मायेपोटीही लपवतात. मुंबईतल्या प्रभादेवीत त्याची साक्ष आहे. परंपरा सांगते, की परचक्राच्या भीतीनं प्रभावती देवीची मूर्ती विहिरीत दडवली होती. पुढे पाठारे प्रभू समाजातल्या श्याम नायक यांना दृष्टांत झाला, मूर्ती वर आली आणि 1715च्या सुमारास देऊळ उभं राहिलं. मूर्ती विहिरीत असताना त्या जागेची खूण कोणत्या सासूनं कोणत्या सुनेच्या कानात सांगितली असेल? कादंबरीकाराची जागा इथं आहे.

दुसरी साक्ष पुणे जिल्ह्यातल्या इनामगावची. घोड नदीकाठच्या या गावी डेक्कन कॉलेजनं 1968पासून उत्खनन केलं. तिथं सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं सापडली. मातीचे दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत मूल. गेलेलं लेकरू त्या घरांनी घरातच ठेवलं. हे उकरणाऱ्या अभ्यासकाचा हात क्षणभर थांबला नसेल, असं मला वाटत नाही. प्रेमकथेला याहून खोल पाया कुठला हवा?

म्हणून तरुण लेखकांना माझं सांगणं आहे: पुरातत्त्वज्ञ नायिका जरूर रंगवा, पण तिला खजिन्यामागे धावायला लावू नका. कुणी, कुणासाठी, काय जपून ठेवलं, हे तिला शोधू द्या.

आणि श्रोतेहो, तुम्हालाही एक विनंती. पुनर्विकासासाठी चाळीतली खोली रिकामी करताना जुनी पत्रं, दस्तऐवज, फोटो थेट रद्दीत घालू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा, फोटोतल्या माणसांची नावं विचारा आणि मागच्या बाजूला लिहून ठेवा.