जन्मतारखेच्या रकान्यावर हात ठेवा

आज पदवी घेतलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमच्यातले बरेच जण आता ऐरोली, महापे, घणसोलीच्या कार्यालयांत, कुणी नवी मुंबईच्या नव्या विमानतळावर रुजू होतील. आणि पाच-सात वर्षांत तुमच्यापैकीच काही जण टेबलाच्या पलीकडे बसून मुलाखती घेऊ लागतील. मला बोलायचंय ते त्या दिवसाबद्दल.

त्या दिवशी पन्नाशीला टेकलेला कुणी तुमच्यासमोर येईल. मी तसा बसलो आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात 22 वर्षं काढली, कारखाना बंद पडला आणि हिशेब हातात आला. वय 49. एका मुलाखतीत समोरच्या तरुणाने माझा अर्ज उघडला, जन्मतारीख पाहिली आणि फाइल मिटली. ‘सर, तुमचं प्रोफाइल आमच्यासाठी जरा सीनियर आहे.’ मी काय काम केलं, हे त्याने विचारलंच नाही. मुलीची बारावी होती. घरी बायकोने विचारलं, ‘काय झालं?’ मी म्हणालो, ‘कळवतो म्हणालेत.’

वय पाहून माणसाला बाजूला सारण्याची ही रीत जुनी आहे. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना एके काळी 35 व्या वर्षी निवृत्त व्हावं लागे. त्याआधी दिवस गेले, तर तेव्हाच. त्याच विमानात सेवा देणारे पुरुष मात्र 58 पर्यंत नोकरीत राहत. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी न्यायालयात गेल्या. 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गरोदरपणाची अट रद्द केली आणि 35 नंतरची मुदतवाढ व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर सोडणारा नियमही मोडीत काढला. त्यांना सगळं मिळालं नाही. पण नोकरी कुणाच्या मर्जीवर टांगून ठेवता येत नाही, हे त्यांनी देशाला दाखवून दिलं.

राज्यघटनेचं कलम 16 सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान आणि निवास यांवरून भेदभाव करायला मनाई करतं. त्या यादीत वय नाही. अमेरिकेने चाळिशीपुढच्या नोकरदारांसाठी 1967 मध्येच कायदा केला. आपल्याकडे कामगारांपुरता एक न्याय्य नियम 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने घातला होता: कपात करताना शेवटी आलेला आधी जाईल. वातानुकूलित कार्यालयांत अनेकदा उलटं घडतं. ज्याचा पगार वाढलेला, त्याच्याकडून आधी राजीनामा लिहून घेतात. भविष्यनिर्वाह निधीची पूर्ण पेन्शन 58 व्या वर्षी सुरू होते. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी घरी बसवलेल्या माणसाने मधली दहा वर्षं काढायची कशी? घराचे हप्ते आणि मुलांच्या फिया त्याच वर्षांत असतात.

नवं शिकायला नकार देणाऱ्याला वयाची सवलत द्या, असं मी म्हणत नाही. शिकणं हे आमचंही कर्तव्य आहे. पण शिकेल की नाही, हे जन्मतारखेवरून ठरवू नका.

मला शेवटी काम दिलं ते रबाळ्यातल्या एका छोट्या कारखानदाराने. त्याने अर्ज बाजूला ठेवला आणि मला थेट चालू पंपापाशी नेलं. मी आवाज ऐकला, बेअरिंगच्या बाजूला तळहात टेकवला. चटका बसला. म्हणालो, ‘बेअरिंग जातंय, आजच बदला.’ पंप उघडला, बेअरिंग खरोखरच गेलेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी कामावर होतो.

मित्रमैत्रिणींनो, जात आणि धर्म माणसाला जन्माने मिळतात. पन्नाशी मात्र जगलेल्या प्रत्येकाला गाठते. तुम्हालाही गाठेल. म्हणून मुलाखतीच्या खुर्चीत बसाल तेव्हा अर्जावरच्या जन्मतारखेच्या रकान्यावर हात ठेवा आणि समोरच्याला पहिला प्रश्न त्याच्या कामाचा विचारा. एवढं वचन मला आज द्या.