रस्त्यावरचा शेजारधर्म

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत साहित्य, आरोग्य अथवा बालसंगोपन अशा एखाद्या विषयावर बोलावे, असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. चिटणीसबाईंनी मला विषय विचारला, तेव्हा मी "रस्ता" एवढेच सांगितले. त्यांना वाटले, मी जीवनाच्या वाटेविषयी काही आध्यात्मिक बोलणार. तसे काही नाही. मी बोलणार आहे तो आपल्या दारातल्या डांबरी रस्त्याविषयी. मी वाहतुकीची जाणकार नव्हे. परंतु या पुण्याच्या रस्त्यांवर पन्नास वर्षे वावरले आहे, तेवढ्या अधिकारावर चार शब्द बोलते.

या विषयाचे कारण आज येथे उपस्थित नाही. आपल्या एक जुन्या सभासद, वय वर्षे एक्याऐंशी, दर वर्धापनदिनाला पहिल्या रांगेत बसत. नाव सांगत नाही, पण आपण सर्वजणी ओळखता. त्यांचे घर येथून चारशे पावलांवर आहे. यंदा त्या आल्या नाहीत. मी निमंत्रण द्यायला गेले, तेव्हा म्हणाल्या, "अगं, पाय चालतात. पण मधला रस्ता ओलांडवत नाही. दोनदा निघाले आणि कडेला उभी राहून परत आले." चारशे पावलांचे अंतर ज्यांना पार करता येते, त्यांना तीस फुटांचा रस्ता पार करता येऊ नये, ही गोष्ट मनातून जाईना.

आता थोडे माझ्याविषयी. १९७४ साली मी महाविद्यालयात जाऊ लागले ती सायकलवर. त्या काळी पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. टिळक रस्त्यावर सकाळी सायकलींचा ओघ लागे, त्यांत आम्ही मुलीही असू. रात्री सायकलला दिवा नसला तर पोलीस अडवी. डबलसीट बसले तर दंड. आमची तक्रार असायची ती मोटारवाल्यांविरुद्ध. "भोंगा वाजवला म्हणजे जणू रस्ता यांच्या वाडवडिलांचा," असे आम्ही म्हणत असू.

पुढे नोकरी लागली, संसार झाला, मोपेड घेतली. आता मला सायकलवाले रेंगाळणारे वाटू लागले आणि पायी चालणारे बेशिस्त. आणखी काही वर्षांनी घरात मोटार आली, मी ती चालवायला शिकले. मग तर सारेच आडवे येणारे वाटू लागले: सायकलवाले, दुचाकीवाले, रिक्षावाले, पादचारी. आणि आता सत्तरीत गुडघ्यांमुळे मोटार सोडली, डॉक्टरांनी चालायला सांगितले. तर आज मला सर्वच वाहनवाले राक्षस वाटतात! रस्ता तोच, मी तीच; फक्त बसायची जागा बदलली की माझे मत बदलले. आपल्यापैकी कित्येकींच्या घरी सासूबाई पायी देवळात जातात, यजमान मोटारीने कचेरीत, सूनबाई स्कूटरवर आणि नातू सायकलवर. म्हणजे ज्यांचे रस्त्यावर भांडण आहे, ते चौघे रात्री एकाच पंक्तीला जेवतात.

या चार अवस्थांपैकी एकीत माझ्या हातून जे घडले, ते मी आजवर घराबाहेर कोणाला सांगितले नव्हते. आज सांगते. १९९६ सालची गोष्ट. मी तेव्हा शाळेत शिक्षिका होते. सकाळी उशीर झाला होता, चौकात वाहने तुंबली होती. पुढचे दोघे-तिघे फुटपाथवर चढले, त्यांच्यामागून मीही मोपेड वर घेतली. समोरून एक आजोबा दुधाची पिशवी घेऊन येत होते. माझ्या हँडलचा त्यांना धक्का लागला, ते पडले आणि मनगटाचे हाड मोडले. लोक जमले. मी "चुकले, चुकले" म्हणत होते, पण तेवढ्यातही माझ्या तोंडून निघून गेले, "रस्त्यावर जागाच नव्हती हो!" आजोबा रागावले नाहीत. दुखरा हात धरून म्हणाले, "बाई, रस्त्यावर जागा नाही म्हणून तर मी इथून चाललो होतो. आता मी कुठून जाऊ?"

मी त्यांना दवाखान्यात नेले, प्लास्टर होईपर्यंत थांबले, खर्च केला, पुढे दीड महिना दर रविवारी घरी जाऊन आले. पण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. त्या दिवशी मी वर्गात मुलांना नागरिकशास्त्राचा तास घेतला. तो कसा घेतला, ते माझे मला ठाऊक!

भगिनींनो, त्या प्रश्नातच सगळे आले आहे. मोटारीला जागा अपुरी पडली की ती दुचाकीला कडेला ढकलते. दुचाकी सायकलला ढकलते किंवा फुटपाथवर चढते. सायकलस्वारही मग फुटपाथ धरतो, नाहीतर उलट दिशेने येतो. पायी चालणाऱ्याने मात्र कोणाला ढकलायचे? त्याच्यापलीकडे भिंत असते. तो खाली रस्त्यावर उतरतो, आणि मग आपणच म्हणतो, "बघा, ही माणसे रस्त्याच्या मधून चालतात!"

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. दिवसाला सुमारे नव्वद. आज या सभागृहात आपण जेवढ्या जमलो आहोत, जवळजवळ तेवढी. सर्वांत अधिक बळी दुचाकीस्वारांचे गेले. म्हणजे जी दुचाकी फुटपाथवर चढून आजोबांना पाडते, तीच मोठ्या वाहनापुढे दुबळी असते.

"सगळ्यांनीच शिस्त पाळावी" असे म्हणून आपण नेहमी हा विषय मिटवतो. ते खरेच आहे. पादचाऱ्याने फोनकडे पाहत रस्ता ओलांडू नये, सायकलस्वाराने सिग्नल तोडू नये. पण सर्वांच्या चुका सारख्या असल्या तरी चुकांची फळे सारखी नसतात. पायी चालणारा चुकला तर बहुधा त्याचाच जीव जातो. मोटारवाला चुकला तर दुसऱ्याचा जातो. साधा हिशेब पाहा. मोटार ताशी साठ किलोमीटर वेगाने धावत असेल, तर समोर मूल दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत जो एक सेकंद जातो, त्यात ती सुमारे सतरा मीटर पुढे गेलेली असते. वेग तीस असेल तर आठ मीटर. आणि वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे भरलेल्या जागतिक रस्ता सुरक्षा परिषदेने सांगितले की, जेथे माणसे आणि वाहने एकत्र वावरतात, तेथे वेग तीसच्या वर नसावा. इंग्लंडमध्ये २०२२ साली वाहतुकीच्या नियमावलीत स्पष्ट शब्दांत घातले गेले की, जो दुसऱ्याला अधिक इजा करू शकतो, त्याची जबाबदारी अधिक. आपल्याला हे नवीन नाही. गर्दीच्या घरात उकळत्या आमटीचे पातेले घेऊन जाणारी बाईच "सरका, सरका" म्हणत जपून पावले टाकते; रांगणाऱ्या बाळाने जपावे, अशी अपेक्षा ती करीत नाही.

कोणी म्हणेल, हे सारे परदेशात ठीक. म्हणून हॉलंडची हकीकत सांगते. आज तो देश सायकलींसाठी नावाजलेला आहे. परंतु तो नेहमीच तसा राहिला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारी वाढल्या, सायकली मागे पडल्या. १९७१ साली त्या लहानशा देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक लहान मुले होती. फिक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची मुलगी अशीच गेली. १९७२ साली त्याने वर्तमानपत्रात लेख लिहिला, त्याचा मथळा होता, "बालहत्या थांबवा". त्याच नावाची चळवळ उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्षा एक तरुण स्त्री होत्या, मार्त्ये फान पुत्तेन. पुढे त्या युरोपीय संसदेवर निवडून गेल्या. आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर आले, सायकलींचे मोर्चे निघाले, मुलांना खेळता यावे म्हणून रस्ते अडवले गेले. १९७३ च्या तेलटंचाईत काही रविवार मोटारी बंद ठेवल्या गेल्या आणि शांत रस्ता कसा असतो, ते लोकांना पाहायला मिळाले. डेल्फ्ट गावातल्या गल्ल्यांतून "वोनर्फ" नावाची पद्धत पुढे आली आणि १९७६ साली तिला कायद्याने मान्यता मिळाली. या शब्दाचा अर्थ राहते अंगण. तेथे वाहन चालत्या माणसाच्या गतीने जाते आणि रस्त्याच्या पूर्ण रुंदीवर माणसांचा हक्क असतो. अंगण हा शब्द वाड्यांत वाढलेल्या आपल्या पिढीला समजावून सांगायला नको. आणि डेल्फ्टच्या जुन्या गल्ल्या काही आपल्या पेठांपेक्षा फार ऐसपैस नाहीत.

आपल्याकडे कागदावर काही कमी नाही. पुणे महानगरपालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले, २०१७ साली सायकल आराखडा मंजूर केला. २०२१ साली ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवून पहिला पादचारी दिन साजरा झाला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पदपथ वापरण्याचा हक्क हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. देशातील रस्तेबांधणीचे मानक म्हणते की, पदपथावर चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर असावी आणि उंची १५ सेंटिमीटरहून अधिक नसावी. म्हणजे सहा फूट रुंद आणि फार तर सहा इंच उंच. लक्षात ठेवायला सोपे आहे.

गेल्या महिन्यात आम्ही तिघीजणी शिवणाची टेप घेऊन बाहेर पडलो. टेप पाच फुटांची असते. ती संपून वर एक फूट उरला पाहिजे. मंडळाच्या दारापासून कोपऱ्यावरच्या बालवाडीपर्यंत आम्ही मोजत गेलो. सलग सहा फूट मोकळी जागा फक्त दोन ठिकाणी सापडली. एके ठिकाणी विजेची पेटी, एके ठिकाणी जाहिरातीचा फलक, एके ठिकाणी बंगल्याच्या फाटकासाठी केलेला उतार. उभ्या केलेल्या दुचाकी अकरा आणि मोटारी चार. हे सांगायला संकोच वाटतो, पण त्या चार मोटारींपैकी दोन आपल्याच सभासदांच्या होत्या. त्या दिवशी आपली भजनाची बैठक होती.

भाजीवाल्या मावशीही तेथेच बसतात. पुष्कळजणींना वाटते, त्यांना उठवले की प्रश्न सुटेल. मी तसे म्हणणार नाही. त्यांची टोपली आम्ही मोजली. ती भिंतीला लागून दोन फूट जागा घेते. टोपलीसमोर गाडी उभी करून, गाडीवरूनच "मेथी कशी दिली?" विचारणाऱ्या आपण किती जागा घेतो, तेही मोजावे. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. त्याप्रमाणे त्यांना नेमकी जागा मिळावी आणि चालणाऱ्यांनाही मिळावी, असे आपण मागू या. दोन गरजू बायकांत भांडण लावून मोटारीला जागा करून देणे हा काही न्याय नव्हे.

आता प्रत्यक्ष काय करावयाचे? मंडळापुढे तीन गोष्टी ठेवते. पहिली आपल्या हातातली: आजपासून मंडळाच्या कार्यक्रमाला येणाऱ्या कोणीही पदपथावर वाहन ठेवायचे नाही. जवळच्या जवळ एकत्र यावे. ज्यांना चालता येते त्यांनी चालत यावे. दुसरी: आम्ही घेतलेली मापे, नकाशा आणि छायाचित्रे जोडून क्षेत्रीय कार्यालयाला अर्ज द्यावा. त्यात मोघम तक्रार नको. येथे पेटी हलवा, येथे फलक काढा, बालवाडीसमोर वेग कमी करणारा उंच ओलांडा करा, असे नेमके मागावे. एका अर्जाने काम होणार नाही. हळदीकुंकवाची यादी जशी आपण चिकाटीने पुरी करतो, तसा पाठपुरावा करावा लागेल. तिसरी गोष्ट घरातली: चाकावर बसणाऱ्या आपल्या मुलांना, नातवंडांना आणि यजमानांनाही सांगायचे की, ओलांडणारे माणूस दिसले की थांबायचे. भोंगा वाजवणे म्हणजे थांबणे नव्हे.

शेजारधर्म आपण भिंतीपलीकडच्या माणसाशी पाळतो. मध्यरात्री त्यांच्याकडे कोणी आजारी पडले तर धावून जातो. पण घराबाहेर पडून हँडल हाती आले की समोरचा माणूस शेजारी न राहता अडथळा होतो. १९९६ साली त्या आजोबांना मी अडथळाच समजले होते. ते आता हयात नाहीत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांना द्यायचे माझे राहून गेले.

आपल्या त्या जुन्या सभासदांना आज गाडी पाठवून आणावे, असे चिटणीसबाई म्हणत होत्या. मीच त्यांना विचारायला गेले. त्या म्हणाल्या, "आज आणाल. उद्या मला देवळात जायचे असेल तेव्हा?" त्यांचेही म्हणणे आजोबांसारखेच निघाले. पुढच्या वर्धापनदिनाला त्या आपल्या पायांनी, कोणाचा हात न धरता येथे आल्या, तर या भाषणाचे सार्थक झाले असे मी समजेन.