संगणकातील दप्तरदार वारंवार का अडतो?

(पंचायत सचिव, शिक्षक आणि ग्रामस्थ यांच्यासाठी गोव्यातील एका तालुक्यात भरलेल्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



पूर्वी गावचे दप्तर रुमालात बांधून कपाटात ठेवलेले असे. आज घरपट्टीची यादी, जन्ममृत्यूच्या नोंदी, शाळेचा दाखलेवार तपशील हे सारे संगणकात जाऊन बसले आहे. कपाटाचे कुलूप अडले तर सुतार बोलावता येत असे. संगणकातील कपाट अडले म्हणजे मात्र आपण गोंधळून जातो, आणि त्या गोंधळात जे करू नये ते करून बसतो. म्हणून आज एकाच तक्रारीविषयी बोलण्याचे मी योजिले आहे. फाइलींची खिडकी उघडली की ती गोठते, काही वेळाने पडदा लखकन पुसला जातो, खालची पट्टी नाहीशी होते आणि पुन्हा उमटते. ही तक्रार आपणांपैकी बहुतेकांनी अनुभवली असेल.

प्रथम हे समजून घेऊ की हे काम करतो कोण. विंडोज प्रणालीत १९९५ पासून ‘एक्स्प्लोरर’ नावाचा कार्यक्रम आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून त्याच्या खिडकीला ‘फाइल एक्स्प्लोरर’ म्हणतात. त्यास आपण दप्तरदार म्हणू या. याच्याकडे दोन कामे आहेत. फाइलींची कपाटे उघडून दाखविणे हे एक, आणि पडद्यावरील चित्रे व खालची पट्टी सांभाळणे हे दुसरे. दोन्ही कामे एकाच माणसाकडे असल्यामुळे कपाटाशी तो घेरी येऊन पडला की दारावरही कोणी उरत नाही. प्रणाली मग त्यास पुन्हा उठवून उभे करते. पडदा पुसला जाऊन परत येतो तो याच कारणाने.

यात दिलासा असा की वर्ड किंवा एक्सेलमध्ये उघडलेला कागद याने सहसा बिघडत नाही, कारण ते कार्यक्रम निराळे आहेत. धोका आहे तो चालू असलेल्या नकलेस. एका जागेवरून दुसऱ्या जागी फाइली नेण्याचे काम दप्तरदारच करीत असतो. तो पडला की ते काम अर्धवट राहते. यास्तव महत्त्वाची फाइल ‘कट’ करून हलवू नये. आधी नक्कल करावी, नक्कल उघडून पाहावी, आणि मगच मूळ प्रत काढावी.

आता मुख्य प्रश्न. तो पडतो का? माझ्या अनुभवात दोष बहुधा त्याचा स्वतःचा नसतो. त्याच्या मेजाशी अनेक पाहुणे येऊन बसलेले असतात. फाइली आवळून लहान करणारा कार्यक्रम, पीडीएफ दाखविणारा कार्यक्रम, दूरच्या साठ्याशी फाइली जुळवून ठेवणारा कार्यक्रम, असे प्रत्येकजण आपला एक तुकडा दप्तरदाराच्या आत बसवितो. उंदराची उजवी कळ दाबल्यावर जी लांबलचक यादी येते, तीत त्यांची नावे दिसतात. पाहुण्यास भोवळ आली की दप्तरदारही त्याच्याबरोबर कोसळतो. दुसरे कारण चित्रांचे. एखादे कपाट उघडताच आतील छायाचित्रांची व चलच्चित्रांची लहान चित्रे करण्यासाठी त्या फाइली वाचाव्या लागतात. त्यांत एखादी खराब असली की काम तेथेच अडते. तिसरे कारण दूरच्या कपाटाचे. दुसऱ्या संगणकावरील जागा जोडलेली असेल आणि तो संगणक बंद असेल, तर दप्तरदार उत्तराची वाट पाहत ताटकळत राहतो. चौथे कारण तबकडीचे किंवा प्रणालीच्या फाइलींचे. वादळात अचानक वीज गेली म्हणजे त्यांस इजा पोहोचू शकते.

मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगतो. एका शाळेतील संगणक रोज असा अडत असे. दुरुस्तीस आलेल्या गृहस्थांनी विशेष चौकशी न करता तबकडी पुसून प्रणाली नव्याने बसविली. जे पेनड्राइव्हवर होते तेवढेच परत आले; अनेक वर्षांच्या निकालपत्रकांची नक्कल कोठेच नव्हती, ती गेली ती गेलीच. आणि खिडकी? ती पूर्ववत गोठू लागली. पेनड्राइव्हवरून परत आलेल्या फाइलींत स्नेहसंमेलनाचे एक अर्धवट नक्कल झालेले चलच्चित्र होते. दोष त्याचा होता. निकालपत्रके गेली आणि रोग राहिला. ज्या बाईंनी ती पत्रके टंकलिखित केली होती, त्यांचा चेहरा मी अद्याप विसरलेलो नाही.

म्हणून पहिला नियम असा की दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी दप्तराची नक्कल दुसऱ्या तबकडीवर घ्यावी. नक्कल अतिशय संथ चालत असेल किंवा तबकडी खटखट आवाज करीत असेल, तर अन्य सर्व प्रयोग थांबवून प्रथम दप्तर वाचवावे आणि तबकडी बदलावी.

दुसरा नियम म्हणजे विचारपूस. वैद्य नाडी पाहण्यापूर्वी विचारतो, तसे आपणही विचारावे. एकाच कपाटात अडते की सर्वत्र? उजवी कळ दाबताच अडते काय? ही तक्रार कोणता नवा कार्यक्रम बसविल्यानंतर सुरू झाली?

अडलेल्या क्षणी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात. ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. त्यातील यादीत ‘विंडोज एक्स्प्लोरर’ निवडून ‘रीस्टार्ट’ म्हणावे. संपूर्ण संगणक बंद करण्याची गरज बहुधा पडत नाही. हा मात्र तात्पुरता उतारा होय.

एकाच कपाटात अडत असेल तर ‘फोल्डर ऑप्शन्स’मधील ‘व्ह्यू’ या भागात जाऊन लहान चित्रांऐवजी नेहमी केवळ चिन्हे दाखवावीत, अशी खूण करावी, आणि बाजूचा पूर्वदर्शनाचा कप्पा बंद करावा. एवढ्याने कपाट उघडू लागले तर दोषी फाइल त्याच कपाटात आहे असे समजावे.

प्रत्येक नवी खिडकी उशिरा उघडत असेल तर त्याच ‘फोल्डर ऑप्शन्स’च्या ‘जनरल’ भागातून मागील इतिहास पुसावा आणि बंद पडलेल्या दूरच्या जागांचे दुवे काढावेत. संगणकावर नवे वापरकर्ता खाते उघडून पाहणेही उपयोगी ठरते. तेथे सर्व सुरळीत चालले तर दोष जुन्या खात्याच्या मांडणीत आहे.

उजवी कळ दाबताच अडत असेल तर संशय पाहुण्यांवर. अलीकडे बसविलेला कार्यक्रम प्रथम काढून पाहावा. तेवढ्याने न भागल्यास ‘शेलएक्सव्ह्यू’ नावाचे एक विनामूल्य साधन आहे; ते सर्व पाहुण्यांची यादी देते आणि मायक्रोसॉफ्टचे नसलेले गुलाबी रंगात दाखविते. त्यांस पुसू नये, केवळ निष्क्रिय करावे. समजा, असे बारा आहेत आणि दोषी एकच आहे. त्यांतील सहा निष्क्रिय करून दप्तरदारास पुन्हा सुरू करावे. अडणे थांबले तर दोषी त्या सहांत आहे, न थांबले तर उरलेल्या सहांत. पुन्हा निम्मे करावे. चार खेपांत दोषी हाती लागतो.

संगणक स्वतःही साक्ष देतो. ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधील ‘ॲप्लिकेशन’ या नोंदवहीत कार्यक्रम कोसळल्याची नोंद १००० या क्रमांकाखाली आणि गोठल्याची १००२ या क्रमांकाखाली सापडते. कोसळल्याच्या नोंदीत ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ या शब्दांपुढे जे नाव असते, ते पुष्कळदा पाहुण्याचेच असते. तेथे ‘एनटीडीएलएल’ असे प्रणालीचे स्वतःचे नाव आढळले तर त्यावरून निष्कर्ष काढू नये. ते पडण्याचे ठिकाण असते, पाडणारा दुसरा असू शकतो.

सर्वत्र आणि सर्व खात्यांत अडत असेल, तर प्रलंबित अद्ययावतीकरणे बसवावीत आणि जाणकाराकडून प्रणालीच्या फाइली तपासून घ्याव्यात. ‘डिझम’ ही आज्ञा दुरुस्तीचा साठा नीट करते आणि ‘एसएफसी’ ही आज्ञा त्या साठ्यातून बिघडलेल्या फाइली बदलते. म्हणून पहिली आधी आणि दुसरी नंतर. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही कार्यालयांनी ध्यानी घ्यावे.

तिसरा नियम सर्वांत सोपा, पण सर्वांत कमी पाळला जाणारा. एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. चार उपाय एकदम केले तर गुण कशाने आला हे कळत नाही, आणि अपाय झाला तर तोही कशाने झाला हे कळत नाही. माझी विनंती अशी की प्रत्येक संगणकाशेजारी दोरीने एक वही बांधून ठेवावी. तारीख, वेळ, त्या वेळी चाललेले काम, पडद्यावर आलेला मजकूर आणि केलेला बदल, एवढे तीत लिहावे. दुरुस्तीस येणाऱ्यापुढे ती वही ठेवावी, आणि तो ‘सगळे पुसून टाकू या’ म्हणाला तर ‘आधी नक्कल दाखवा’ असे त्यास नम्रपणे, परंतु ठामपणे सांगावे.

संगणक पुन्हा विकत घेता येतो. कोणा मुलाचा जन्म कधी झाला, कोणी पट्टी भरली, कोणती मुलगी कोणत्या वर्षी उत्तीर्ण झाली, या नोंदी मात्र बाजारात मिळत नाहीत. त्या ज्यांच्या आहेत ते लोक आपल्या विश्वासावर निश्चिंत आहेत. तो विश्वास आपण सांभाळू या, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.