आकाशातल्या उडीआधी वाऱ्याची तालीम

मुलींच्या खेळांवरचा आपला कार्यक्रम झाला आणि त्यानंतर केंद्रावर एका ताईंचा फोन आला. त्यांची मुलगी कॉलेजात एनसीसीला आहे आणि तिनं आता स्कायडायव्हिंग शिकायचं मनावर घेतलंय. म्हणजे पॅराशूट बांधून विमानातून उडी. मुलगी म्हणते, आधी हैदराबादला जाऊन ‘विंड टनेल’मध्ये सराव करते, मग उडीचं बघू. ताईंनी चौकशी केली तर तिथं पैसे मिनिटाच्या हिशेबानं. त्यांचा सवाल सरळ होता. हे खरंच शिकणं आहे, की जत्रेतल्या पाळण्यासारखी गंमत? आणि त्यानं माझ्या पोरीच्या जिवाची जोखीम कमी होते का?

कार्यक्रम करणाऱ्या आम्हा चौघींपैकी कुणीच विमानातून उडी मारलेली नाही. पण प्रश्न पैशाचा आहे आणि जिवाचाही, तेव्हा आम्ही नीट माहिती काढली. ती आज तुमच्यापुढे ठेवतो.

विंड टनेल म्हणजे वाऱ्याचा बोगदा. खळ्यावर उपणणी आपण पाहिलीय, पुष्कळींनी केलीय. वारा सुटला की सूप उंच धरून धान्य सोडायचं. दाणा पायाशी पडतो, भूस लांब उडतं. तिथं वारा आडवा असतो. तोच वारा खालून वर सोडला आणि त्याचा जोर खूप वाढवला, तर दाणाही तरंगेल, माणूसही तरंगेल. माणसाला मात्र ताशी दीडशे ते दोनशे किलोमीटर वेगाचा वारा लागतो. अंगानं भारी असेल त्याला जास्त, हलक्याला कमी.

विमानातून उडी घेतली की पहिले दहा-बारा सेकंद पडण्याचा वेग वाढत जातो. मग हवाच इतकी आडवी येते की वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास येऊन स्थिरावतो. म्हणजे आकाशात हवा जागेवर आणि माणूस पळतो, बोगद्यात माणूस जागेवर आणि हवा पळते. अंगाला दोन्हीकडं सारखंच लागतं. म्हणून हा सराव खरा आहे, नुसता पाळणा नाही. हे ताईंच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर.

बोगदा दिसायला कसा असतो? काचेच्या भिंतींची एक उभी खोली, तळाला तारांची ताणलेली जाळी. नव्या धाटणीच्या बोगद्यांत मोठाले पंखे वरच्या बाजूला असतात. हवा बाजूच्या भिंतींतून खाली जाते आणि वळून जाळीखालून वर येते. वर येताना वाट अरुंद केलेली असते, म्हणून तिचा वेग वाढतो. दोन घरांच्या मधल्या बोळात वारा कसा घुसतो, तसंच. बाहेर एक माणूस बसून वारा कमी-जास्त करतो आणि आत प्रशिक्षक शिकणारीला धरून उभा असतो. एक पाळी साधारण मिनिट-दीड मिनिटाची. ऐकायला थोडी वाटते, पण पहिल्यांदा जाणाऱ्याचे हात-खांदे तेवढ्यातच भरून येतात.

आत जाताना अंगभर एकसंध सूट, डोक्याला हेल्मेट, डोळ्यांना घट्ट चष्मा, कानात बोळे. बांगड्या, कानातलं, गळ्यातलं, केसातल्या पिना सगळं बाहेर काढून ठेवायचं, कारण सुटलेली वस्तू सरळ पंख्याकडं जाते. मंगळसूत्रसुद्धा. (आमच्यातल्या एकीनं लगेच विचारलं, ‘आणि जोडवी?’ तर बूट-मोजे पायात असतात, जोडवी आत सुखरूप राहतात.)

आता हिशेब मांडू. स्वतंत्रपणे उडी शिकताना विमान साधारण तेरा हजार फुटांवर जातं आणि शिकणारीनं साडेपाच हजार फुटांच्या सुमारास पॅराशूट उघडायचं असतं. मधला पडण्याचा वेळ पाऊण मिनिटाचा, फार तर थोडा जास्त. एवढ्या वेळात भीती आवरायची, अंग सावरायचं, उंची बघायची, प्रशिक्षकाची खूण ओळखायची. चुकलं तर दुरुस्त करायला पुढची उडी, म्हणजे पुन्हा विमान, पुन्हा फी. बोगद्यात दहा मिनिटं काढली तर तेरा उड्यांइतका पडण्याचा वेळ अंगाला मिळतो. आणि चुकलं तर प्रशिक्षक तिथल्या तिथं हात धरून सरळ करतो.

या दहा मिनिटांत अंग काय शिकतं? पालथं पडायचं, पण कंबर पुढं ढकललेली, हनुवटी वर, हात कोपरात वाकवून पसरलेले, पाय गुडघ्यात थोडे वाकलेले. सगळा बाक पोटाकडून खाली, परातीसारखा. परात उताणी पाण्यावर सोडली तर डुगडुगत का होईना तरंगते. तसंच हे. एक गुडघा खाली गेला किंवा एक हात आखडला की अंग त्या बाजूला गरगरायला लागतं. आकाशात अशी गिरकी लागली तर माणूस बावचळतो. बोगद्यात तीच गिरकी कशानं लागली हे कळतं आणि कशानं थांबते तेही.

भीती वाटली की अंग ताठ होतं, आणि ताठ अंग वाऱ्यात डगमगतं. श्वास घ्यायचाही विसरतात लोक. पोहायला शिकताना पोर विहिरीत हात-पाय झाडतं आणि बुडायला लागतं, आणि अंग सैल सोडलं की तरंगतं, हे आपल्याला ठाऊक आहे. वाऱ्याच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून सगळं खुणांवर चालतं. दोन बोटं सरळ दाखवली तर पाय लांब कर, दोन बोटं वाकवून दाखवली तर पाय वाकव, हात हलवला तर अंग सैल सोड. या खुणा बोगद्यात आणि आकाशात सारख्याच.

आपल्याकडं डबा पाठीला बांधून पोरांना विहिरीत सोडतात, तसा हा बोगदा. पण डबा बांधून पोहणाऱ्या पोराला पोहता येतं असं आपण म्हणत नाही. इथं ताईंचा दुसरा प्रश्न येतो, जोखमीचा. त्यावर जरा थांबून बोलायला हवं.

बोगद्यात विमानाचं दार नसतं. दारातून बाहेर पडल्यावर पहिले काही सेकंद वारा खालून नाही, विमान जातंय त्या दिशेनं, समोरून येतो. तो अनुभव बोगदा देत नाही. बोगद्यात पॅराशूट नसतं. ते उघडल्यावर नीट उघडलंय का हे बघणं, गुंता झाला असेल तर ते सोडून देऊन राखीव पॅराशूट उघडणं, दोऱ्या ओढून दिशा धरणं, वाऱ्याचा अंदाज घेऊन मोकळ्या जागी उतरणं, अगदी शेवटी दोन्ही दोऱ्या योग्य क्षणी खाली ओढून वेग मारणं, यातलं काहीच नाही. आणि या खेळातल्या पुष्कळशा दुखापती उतरतानाच होतात, पॅराशूट व्यवस्थित उघडलेलं असताना. पाय मोडतो तो जमिनीजवळ. तेव्हा बोगद्यात शंभर मिनिटं काढलेल्या मुलीचाही पाय उतरताना मोडू शकतो.

आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटली. बोगद्यात उंची कमी होतच नाही. जाळी तिथंच, काच तिथंच. आकाशात मात्र दर पाच-सहा सेकंदांना हजार फूट संपतात. मनगटावर उंची दाखवणारं घड्याळासारखं यंत्र असतं, त्याकडं सारखं बघायची सवय हवी. चांगले प्रशिक्षक बोगद्यातही ते यंत्र मनगटाला बांधायला लावतात आणि उंची बघणं, मग एक हात डोक्यावर नेऊन दुसरा पाठीमागं पॅराशूटच्या मुठीकडं नेणं, ही कवायत करून घेतात. शिकण्यासाठी जाणाऱ्या मुलीनं हे आधीच सांगून मागून घ्यावं. नाहीतर गंमत करायला आलेल्या पाहुण्यासारखं दोन मिनिटं तरंगवून बाहेर काढतात.

बोगद्याशिवाय कुणी शिकलंच नाही असं नाही. पुण्याच्या शीतल महाजन यांनी १८ एप्रिल २००४ रोजी आयुष्यातली पहिली उडी मारली ती थेट उत्तर ध्रुवावर, २४०० फुटांवरून, उणे ३७ अंश थंडीत. सरावाची एकही उडी आधी नव्हती. पुढं २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २०१८ मध्ये थायलंडमध्ये त्यांनी नऊवारी नेसून तेरा हजार फुटांवरून उडी घेतली. नऊवारीचं कौतुक आपल्याला आहेच, पण अंगावरचं फडफडणारं कापड त्या वाऱ्यात सांभाळणं किती अवघड, हे बोगद्याची माहिती घेतल्यावर आम्हाला जास्त कळलं. मात्र त्यांच्या पहिल्या उडीचा दाखला देऊन कुणी मुलगी ‘मलाही सराव नको’ म्हणाली, तर ते ऐकू नये. आपल्या लष्करानंही २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशात बकलोह इथं जवानांसाठी असाच उभा बोगदा सुरू केला आहे. ज्यांचं कामच उडी मारण्याचं, तेही आधी तालीम करतात.

आता पैशाचं. आमचं मत असं झालं की मुलगी कोणती उडी घेणार आहे हे आधी ठरवावं, मग बोगद्याचं. एनसीसीच्या मुली आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये जी उडी शिकतात, त्यात पॅराशूट विमानाला जोडलेल्या पट्ट्यानं आपोआप उघडतं. उंची हजार-बाराशे फुटांच्या आसपास. तिथं हवेत मोकळं पडणं जवळजवळ नाहीच, म्हणून बोगद्याचा उपयोगही नाही. तिथं निवडीला धावणं, अंगकाठी, तब्येत लागते. ताईंच्या मुलीला हा मार्ग खुला आहे, तेव्हा तिनं कॉलेजातल्या एनसीसी अधिकाऱ्यांना आधी विचारावं.

दुसरी उडी प्रशिक्षकाच्या पोटाला बांधून घेऊन मारायची. सगळं प्रशिक्षक करतो. त्याला टॅन्डम म्हणतात. एकदा अनुभव घ्यायचा असेल तर ती पुरे, आणि तिलाही बोगदा लागत नाही.

तिसरी म्हणजे स्वतंत्र उडी शिकण्याचा अभ्यासक्रम. आधी जमिनीवर दिवसभराचा वर्ग, मग सुरुवातीच्या उड्यांत दोन बाजूंनी दोन प्रशिक्षक धरून, असे सात-आठ टप्पे. एक टप्पा जमला नाही तर तो पैसे भरून पुन्हा करावा लागतो. भारतात अशी ठिकाणं मोजकी आहेत आणि बरेच जण परदेशात जाऊन शिकतात, म्हणजे जाण्या-राहण्याचा खर्च आलाच. या मुलीसाठी बोगद्यातली दहा-पंधरा मिनिटं वाया जात नाहीत. दोन-तीन टप्पे पुन्हा करण्यापेक्षा ती स्वस्त पडू शकतात. पण ती उडीच्या तारखेच्या जवळ घ्यावीत, वर्षभर आधी नाही. अंग विसरतं.

नांदेड, लातूर, सोलापूरकडच्या मैत्रिणींना हैदराबाद रात्रीच्या गाडीच्या अंतरावर आहे. जायचं झालं तर काही गोष्टी आधी फोनवर विचारून घ्या. खांदा पूर्वी कधी निखळला असेल तर आत सोडत नाहीत, कारण वारा हात मागं लोटतो. गरोदर बाईनं जायचं नाही. मानेचं, पाठीचं, हृदयाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. वजनाची मर्यादा ठिकठिकाणी वेगळी असते. विद्यार्थिनीला सलग मिनिटं विकत घेता येतात का, त्याचा दर पाहुण्यांच्या दरापेक्षा कमी आहे का, आणि तिच्या पाळीला प्रशिक्षक तोच राहणार का, हे विचारा. पाळीचं चित्रण मागून घ्या. पाळी झाल्यावर ते बघत प्रशिक्षकाकडून चुका समजून घेतल्या तर पुढच्या पाळीत फरक पडतो. चित्रणाचे पैसे पुष्कळ ठिकाणी वेगळे लावतात.