वाचनालयाबाहेरचा वाचक



वाचनालयाच्या वार्षिक अहवालात वर्गणीदारांची संख्या, नव्याने दाखल झालेले ग्रंथ आणि देवघेवीचे आकडे यांची तपशीलवार नोंद असते. परंतु गावातील ज्या बहुसंख्य लोकांनी वाचनालयाची पायरी कधी चढलीच नाही, त्यांच्याविषयी एक ओळही सहसा आढळत नाही. त्यांना वाचनाची अभिरुचीच नाही, असे म्हणून आपण त्यांचा प्रश्न निकालात काढतो. हा निवाडा अन्यायाचा आहे. चातुर्मासात देवळात पोथी लागली की ‘हरिविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ यांच्या श्रवणात रंगून जाणारा, अक्षरओळख नसलेला कुणबी अभिरुचिशून्य कसा म्हणावा? अनामत भरण्याची ऐपत नसलेला गिरणीकामगार, वाचनालय उघडे असते नेमक्या त्याच वेळी चुलीपाशी गुंतलेली गृहिणी आणि दृष्टी मंदावलेला वृद्ध यांच्या अडचणी भिन्न आहेत, तेव्हा त्यांचे उपायही भिन्नच असावयास हवेत.

बडोदे संस्थानात श्रीमंत सयाजीराव महाराजांनी हे तत्त्व फार पूर्वी ओळखले. १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केल्यावर, हाती पुस्तक न पडल्यास शिकलेली रयत मिळविलेली विद्या विसरून जाईल, हे जाणून त्यांनी १९१० साली बॉर्डन नामक अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. निवडक पुस्तकांनी भरलेल्या पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या, आणि ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी मॅजिक लँटर्न व चलच्चित्रे यांचीही योजना झाली. पुढे १९३१ साली मद्रास इलाख्यातील मन्नारगुडी येथून पुस्तकांनी लादलेली बैलगाडी आसपासच्या खेड्यांत जाऊ लागली. ग्रंथ वाचकाच्या दाराशी नेण्यास भव्य इमारत लागत नाही, हे या दोन्ही उदाहरणांनी सिद्ध केले आहे.

मात्र नुसती पेटी पाठवून कर्तव्य संपत नाही. तिच्याबरोबर पुस्तकाची गोडी लावणारा माणूसही गेला पाहिजे. म्हणून वाचनालयांच्या कार्यवाहांना माझी आग्रहाची विनंती आहे की, त्यांनी शाळामास्तरांच्या जामिनावर गरिबांची अनामत माफ करावी, स्त्रियांसाठी दुपारची वेळ राखावी, आणि आठवड्यातून एकदा चावडीवर किंवा चाळीच्या चौकात एखादे चांगले पुस्तक मोठ्याने वाचून दाखविण्याची व्यवस्था करावी. यास पैसा थोडा लागेल. आस्था मात्र पुष्कळ लागेल, आणि ती प्रत्येक गावात आहे, अशी माझी श्रद्धा आहे.