वेळ कोणाचा?

समुद्रपूर तालुक्यातील गिरड हे गाव शेख फरीद यांच्या दर्ग्यासाठी प्रसिद्ध आहे. दर्ग्याच्या टेकडीवर सूर्य माथ्यावर येतो, त्या वेळी घड्याळात बारा वाजून सरासरीने सुमारे पाव तास होऊन गेलेला असतो. यात घड्याळाचा दोष नाही. १ जानेवारी १९०६ रोजी सुरू झालेली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि गिरड त्याच्या पश्चिमेस आहे. आगगाडी व तारखात्यास सर्व देशासाठी एकच वेळ हवी होती.

त्यापूर्वी खेड्याची वेळ सूर्य आणि नक्षत्रे ठरवीत. मृगाचा पाऊस पडला की पेरणी, पोळ्याला बैलांना विसावा. कष्ट उदंड होते. तथापि कामाप्रमाणे विसाव्यालाही ठरलेली जागा होती. घड्याळाने शाळा, एस. टी. आणि दवाखाना यांना शिस्त लावली, हे त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु हळूहळू ‘वेळ नाही’ हे म्हणणे प्रतिष्ठेचे लक्षण ठरले आणि भ्रमणध्वनी आल्यापासून विसाव्याची जागाही आक्रसली.

शिस्त म्हणजे घाई नव्हे, याचा दाखला याच जिल्ह्यात सापडतो. १९३६ साली सेगाव, म्हणजे आजचे सेवाग्राम, येथे राहावयास आलेले महात्मा गांधी कमरेला घड्याळ बाळगीत व वेळेविषयी अत्यंत काटेकोर असत. तरीही सोमवारचे मौन ते पाळीत.

कोणाचा वेळ मौल्यवान मानावयाचा, हा खरा प्रश्न आहे. एका दाखल्यासाठी मजूर तालुक्याच्या गावी जातो आणि ‘उद्या या’ हे उत्तर घेऊन परततो, तेव्हा त्याची दिवसाची मजुरी बुडते. त्या नुकसानीची नोंद कोणत्याही नस्तीत होत नाही. कर्मचाऱ्याकडे नस्ती सर्वसाधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये, असे शासकीय कामातील विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या अधिनियमाने ठरविले. अधिसूचित सेवा विहित मुदतीत मिळण्याचा हक्क २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने नागरिकास दिला.

कायदा मुदत ठरवितो. वृत्ती मात्र माणसांनीच बदलावयाची असते. ग्रामसभेची वेळ मजुरांच्या व स्त्रियांच्या सोयीची असावी. शिक्षकांनी मुलांचा सारा दिवस अभ्यासाने भरून न टाकता खेळासाठी अवकाश राखावा. अधिकाऱ्यांनी आलेल्या माणसास नेमका दिवस सांगावा आणि तो पाळावा. सूर्य आणि घड्याळ यांतील पाव तासाचे अंतर राहणारच. कार्यालय आणि नागरिक यांच्यातील अंतर कमी करणे मात्र आपल्या हाती आहे.